बिराप्पाच्या दातांतली फट

कळंब,
४ जानेवारी २०२५

चि. उत्कर्ष यास,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो म्हणून लिहितो. मनातून दिलेला नाही.

काल बालाजीनं डबा आणून दिला. कॉलेजातल्या नोकरीसाठी रोज कळंब-धाराशिव ये-जा करणारा हा पोरगा गेली सहा वर्षं तुझ्या दवाखान्यातून दातांची मापं माझ्याकडे आणतो आणि मी केलेल्या कॅपा, कवळ्या तुझ्याकडे नेतो. या सहा वर्षांत डबा कधी रिकामा आला नव्हता. काल आला. आत कापसावर चिठ्ठी होती: ‘स्कॅनर आणि मिलिंग मशिन बसवलं आहे. यापुढे काम पाठवणार नाही. धन्यवाद.’

धन्यवाद! सख्ख्या काकाला! अरे, सांगायला यायचं होतंस. काकूच्या हातचा चहा पिऊन, माझ्या तोंडावर सांगून जायचं होतंस. मी शिव्या दिल्या असत्या, तू ऐकल्या असत्यास, विषय संपला असता.

बीडीएसच्या पहिल्या वर्षाला मेणाचा दात कोरता येईना म्हणून तू माझ्या टेबलाशी येऊन रडला होतास, आठवतं? दाढ कोरली होतीस की बटाटा, तेच कळत नव्हतं. महिनाभर तुझा हात हातात धरून शिकवलं. आता तुझ्या वतीनं मशिन कोरतं. गरज सरो नि वैद्य मरो असं लोक म्हणतात. इथं वैद्यानंच म्हणून दाखवलं.

तुझा नंबर मी मोबाइलमधून ब्लॉक करून घेतला आहे. काही बोलायचं असेल तर याच डब्यातून लिहून पाठव. नसेल तर उत्तम.

लिंबाजी


धाराशिव,
९ जानेवारी २०२५

ति. काका यांस नमस्कार.

माझा नमस्कार खरा आहे. तुम्ही तो कसा घ्यायचा ते तुमचं तुम्ही ठरवा.

मी सांगायला आलो नाही, कारण तुम्ही ऐकणार नव्हता. तोंडात मापाचा लगदा कोंबून पेशंटला उमासे आणायचे दिवस गेले, काका. जाड टूथब्रशएवढा कॅमेरा तोंडात फिरवला की दात कॉम्प्युटरवर दिसतात. नव्या दाताचा आकार कॉम्प्युटर सुचवतो, मशिन ठोकळ्यातून कॅप कोरून काढतं, भट्टीतून निघाली की त्याच दिवशी बसते. तुमच्याकडून यायला बारा दिवस लागायचे.

आणि एक गोष्ट लिहिणार नव्हतो, पण तुम्ही बटाटा काढलात म्हणून लिहितो. गेल्या वर्षभरात तुमच्या नऊ कॅपा कडेला नीट बसल्या नाहीत. मी त्या घासून घासून बसवल्या आणि प्रत्येक पेशंटला सांगितलं की माझंच माप चुकलं. किती दिवस सांगू? तुमच्या पत्रातल्या ओळीसुद्धा आता उताराला लागल्या आहेत. चष्मा बदला, नाहीतर काम थांबवा.

आता कामाचं. बालाजीचे वडील, सोनारीकडचे बिराप्पा, येत्या गुरुवारी माझ्याकडे येताहेत. वीस वर्षांपूर्वी एडक्याच्या धडकेनं त्यांचे वरचे पुढचे दोन दात मोडले, तेव्हा कॅपा तुम्हीच केल्या होत्या. एक आता रानात पडून हरवली, दुसरीचा नुसता तुकडा उरलाय. पहिला आकार कसा होता ते कळायला तुमच्याकडचं त्यांचं प्लास्टरचं मॉडेल हवं. तुम्ही एकही मॉडेल टाकून देत नाही आणि प्रत्येकामागे पेन्सिलीनं नाव लिहून ठेवता, हे मला ठाऊक आहे. बुधवारपर्यंत बालाजीकडे द्या.

उत्कर्ष


कळंब,
१४ जानेवारी २०२५

डॉक्टरसाहेब,

आज संक्रांत. तिळगूळ पाठवत नाही. पाठवला तर गोड बोलावं लागेल.

बिराप्पाचं मॉडेल नाही. फुटलं. तुझ्या मशिनला विचार, त्याला सगळं कळतं ना? चाळीस वर्षांची माझी विद्या एका टूथब्रशात मावली म्हणतोस, मग वीस वर्षांपूर्वीचा दातही त्यालाच माहीत असेल.

माझ्या नजरेला पुन्हा नावं ठेवलीस तर बालाजीला डबा उकिरड्यावर टाकायला सांगेन. तू जन्मायच्या आधीपासून मी केसाएवढी कड जुळवत आलोय. नऊ कॅपा म्हणे! माप तूच चुकीचं घेतलं असशील, आणि पेशंटला सांगितलंस तेच खरं असेल.

तुझी काकू आमच्या लेकीच्या, शिवांजलीच्या बाळंतपणाला दीड महिन्यासाठी लातूरला गेली आहे. ती इथं असती तर हे पत्र तिनं लिहिलं असतं, आणि त्यात याहून वाईट शब्द असते.

लिंबाजी


धाराशिव,
१७ जानेवारी २०२५

ति. काका,

तुमच्या मॉडेलवाचून काही अडलं नाही.

बिराप्पा काल सकाळी आले आणि संध्याकाळी दोन नवे दात घेऊन गेले. उजवा-डावा अगदी जुळा. जुन्या कॅपांच्या मधोमध चांगली फट होती म्हणे. बालाजी म्हणाला, बहिणीचं, वर्षाराणीचं लग्न तोंडावर आलंय, बापाचे फोटो चांगले यायला हवेत, तेवढी फट बुजवा. मला त्या फटीचं नवल वाटलं नाही. हातानं काम करायचं म्हटलं की असं कमी-जास्त व्हायचंच. आता ती पूर्ण बंद केली आहे. तुमची वीस वर्षांपूर्वीची चूक मी फुकटात दुरुस्त केली असं समजा.

बिराप्पांनी आरशात पाहिलं आणि बराच वेळ गप्प बसले. दोनदा तोंडाचा चंबू केला, मग पुन्हा गप्प. आनंदानं त्यांना बोलताच येईना. तुमच्या चाळीस वर्षांत एखादा पेशंट असा गप्प झाला असेल तर कळवा.

उत्कर्ष


कळंब,
२७ फेब्रुवारी २०२५

उत्कर्ष,

तुझं ते पत्र वाचून मी चाळीस दिवस लेखणी उचलली नाही. वाटलं, ज्याला फट म्हणजे चूक वाटते त्याला काय लिहायचं? पण काल बिराप्पा माझ्या दारात येऊन बसला. आता तुला ऐकावंच लागेल.

तो तुझ्याबद्दल वाईट एक शब्द बोलला नाही. म्हणाला, “लिंबाजीभाऊ, दात लई बेस हायेत. भाकर तुटती, फोटू बी झ्याक आलं. पर शीळ न्हाय येत. नुसतं फुसफुस वारं जातंय.”

दोनशे मेंढरं वळवतो तो माणूस, आणि सगळी त्या शिळेवर. थांबायची वेगळी, पाण्याला जायची वेगळी, रस्ता ओलांडायची वेगळी. गेल्या सोमवारी परंड्याच्या रस्त्याला कळप आडवा निघाला आणि समोरून उसाची डबल ट्रॉली आली. बिराप्पानं थांबायची शीळ घातली. आली नाही. हाका मारल्या, काठी आपटली, कुत्रं अंगावर सोडलं. मेंढरं चालतच राहिली. पाच गेली जागेवर. त्यातल्या दोन गाभण होत्या.

“आता आमची कारभारीन हरणाबाई म्हनती, इकून टाका समदी,” म्हणाला. “तिचं बी खरं हाय. पर इकून म्या करू काय? म्या दुसरं काय शिकलोय?” बासष्ट वर्षांचा माणूस माझ्या पायरीवर बसून तोंडाचा चंबू करत होता आणि फुसफुस करत होता. मला बघवेना. तू तुझ्या दवाखान्यात तेच बघितलंस आणि आनंद झाला असं लिहिलंस!

तुझ्या माहितीसाठी सांगतो. वीस वर्षांपूर्वी याच पायरीवर त्याला बसवून मी ती फट केली. कॅप घालायची, तो फुंकणार, बरोबर येत नाही म्हणणार, मी पुन्हा घासणार, पुन्हा भट्टीत. सात वेळा. आठव्या वेळी शीळ आली, आणि पलीकडच्या पडक रानात थांबलेली त्याची मेंढरं माझ्या अंगणात घुसली. काकूची तुळस बुडख्यापर्यंत खाल्ली. ती मला अजून बोलते.

ती चूक तू दुरुस्त केलीस. फुकटात.

लिंबाजी


धाराशिव,
३ मार्च २०२५

काका,

बालाजीचं ऐकलं आणि बिराप्पांना एका शब्दानं विचारलं नाही, ही माझी चूक. ती मी केली, आणि बिराप्पांच्या समोर कबूल केली. ते काल आले होते.

आता तुमची.

उठता उठता ते सहज बोलून गेले, “तुमच्या काकाच्या फळीवर माजं दात हायेत की! म्या लगीच वळखलं. मदी फट दिसली न्हवं.” ज्यांना अक्षर वाचता येत नाही त्यांना उभ्या उभ्या सापडलं. तुम्ही मला लिहिलं होतं, फुटलं.

एवढा राग होता? माझ्यावर होता ना? मग माझ्या तोंडावर काढायचा. ते मॉडेल एका डब्यातून आलं असतं तर फट माझ्या डोळ्यांसमोर असती आणि मी ‘ही कशासाठी?’ म्हणून विचारलं असतं. कदाचित तुम्हाला पत्रसुद्धा लिहिलं असतं. त्या पाच मेंढरांत माझी किती आणि तुमची किती, हे तुम्हीच सांगा. लहानपणापासून ऐकत आलोय की लिंबाजीकाका खोटं काम करत नाहीत. खोटं बोलतात, हे कुणी सांगितलं नव्हतं.

मॉडेल पाठवा. पत्र नाही पाठवलंत तरी चालेल.

उत्कर्ष


कळंब,
६ मार्च २०२५

उत्कर्ष,

होय. मॉडेल होतं. दिलं नाही. तुझं मशिन आलं आणि माझ्या पोटात दुखलं, म्हणून दिलं नाही. आणखी काही ऐकायचं आहे?

डब्यात ठेवलं आहे. कॉम्प्युटरला फट बुजवू देऊ नकोस. फटीच्या रुंदीपेक्षा तिची मागची कड महत्त्वाची आहे, जिभेच्या बाजूची. ती धारदार राहिली तर नुसतं वारं जातं. बिराप्पानं हो म्हटल्याशिवाय काही पक्कं चिकटवू नकोस.

लिंबाजी


(त्याच डब्यात, कापसाच्या खाली)

चि. उत्कर्षला काकूचा आशीर्वाद, आणि हा मनापासूनचा.

हे मी त्यांना न सांगता लिहिते आहे. पोटात दुखलं म्हणून कुणाचं काम अडवणारे ते नाहीत, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असायला हवं होतं.

दोन वर्षांपूर्वी डोळ्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही म्हणाले, राहिलेली थेंब घालून टिकवायची. मला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली आहे, कुणाला सांगायचं नाही. पेनानं लिहिलेलं पत्र खिडकीशी धरून भिंगानं कसंबसं वाचतात. पांढऱ्या प्लास्टरवरची वीस वर्षांची पेन्सिल त्यांना दिसत नाही.

जानेवारीत मी लातूरला होते. परत आले तर चारशे मॉडेलं फळीवर उलटीसुलटी लावलेली. विचारलं तर म्हणाले, झाडलोट केली. बिराप्पानं त्याचं मॉडेल ओळखलं त्या दिवशी सगळं बाहेर आलं. मॉडेल मागणारं तुझं पत्र आल्यावर तीन दिवस सगळी मॉडेलं जमिनीवर मांडून एकेकावरून अंगठा फिरवत बसले होते. फटीची तीन सापडली. त्यातलं बिराप्पाचं कोणतं, ते ठरवता येईना. चुकीचं पाठवलं तर मला दिसत नाही हे उत्कर्ष ओळखेल, म्हणाले. म्हणून लिहिलं, फुटलं.

तू खोटारडा म्हणालास ते त्यांनी गिळलं. जळकुटा म्हणवून घेतलं. आंधळा तेवढं म्हणवून घ्यायचं नाही. तुला काय करायचं ते कर, पण मी शपथ मोडली हे त्यांना कळू देऊ नकोस.

द्वारकाकाकू


धाराशिव,
१६ मार्च २०२५

काका,

मॉडेल मिळालं. खोटं बोललात ते बोललात, माझा राग तसाच आहे. हे पत्र कामापुरतं.

मॉडेल स्कॅन केलं. कॉम्प्युटर त्या फटीला दर वेळी लाल रंग देतो आणि चूक म्हणून आपोआप बुजवतो. तीनदा मागे घेऊन, हट्टानं ठेवली. बिराप्पांच्या तोंडातल्या कॅपा उतरवल्या, मशिनवर आधी प्लास्टिकच्या कच्च्या कॅपा कोरल्या आणि तात्पुरत्या लावून पाहिल्या. मॉडेलसारख्या तंतोतंत आहेत, पण शीळ येत नाही. वीस वर्षांत बिराप्पांचे बाजूचे दात झिजलेत, खालचे पुढे आलेत. जुनी फट नव्या तोंडात चालत नाही. किती घासायचं आणि कुठं, ते मला समजत नाही. बिराप्पा फुंकतात आणि माझ्याकडे बघतात. मला सगळं सारखंच ऐकू येतं.

रविवारी, तेवीस तारखेला, सोनारीच्या अलीकडे माळावर त्यांच्या तळावर जाणार आहे. बॅटरीवरचं घासायचं मशिन बरोबर घेतो. दवाखान्यातल्या खुर्चीत शीळ कितीही चांगली आली तरी मेंढरांनी मान्य केल्याशिवाय उपयोग नाही.

तुम्ही या. मी विनंती करत नाही. पाच मेंढरांतला तुमचा वाटा तुम्ही अजून सांगितलेला नाही, तेव्हा एवढं काम तुमच्याकडे लागतं. येताना फक्त कान आणि अंगठा आणा. बाकी हत्यारं माझ्याकडे आहेत, चष्माही लागणार नाही. बालाजी सकाळी गाडी घेऊन दारात येईल. काकूंनाही आणा, हरणाबाईंनी बोलावलंय.

उत्कर्ष


कळंब,
२५ मार्च २०२५

उत्कर्ष,

तू तिथंच होतास, तरी लिहितो. तू बघत होतास आणि मी ऐकत होतो, त्यामुळे दोघांना वेगळं कळलं असणार.

सकाळपासून दुपारपर्यंत आपण एकमेकांशी बोललो नाही. “बिराप्पा, डॉक्टरला सांगा, आतून घासा.” “बिराप्पा, काकांना विचारा, किती?” तो बिचारा तोंड उघडं ठेवून दोघांचे निरोप पोचवत होता. शेवटी वैतागून तोंडातला कापूस थुंकला आणि म्हणाला, “म्या मेंढरं वळवू का तुमास्नी?” हरणाबाई आणि तुझी काकू चुलीपाशी हसल्या, ते मी ऐकलं.

मग मी अंगठा लावला. डाव्या कॅपच्या मागं, वरून तिसऱ्या भागात, म्हणजे टोकाजवळ, कड उभी राहिली होती. ती तुझ्या स्कॅनरला दिसली नसेल असं नाही, पण तिथं जीभ टेकते हे त्याला कसं कळणार? इथं घास म्हटलं, तू घासलंस. अजून, म्हटलं. अजून. आणि थांब म्हटल्याबरोबर थांबलास. हात चांगला आहे तुझा. बटाट्याच्या बराच पुढे गेलास.

बिराप्पानं फुंकलं. आधी काही वेगळं झालं नाही. मग दोनशे तोंडांचा चरायचा आवाज थांबला. तू मेंढरांनी माना वर केलेल्या पाहिल्या असशील. मला फक्त ती शांतता कळली. मग खुरांचा आवाज आला, आधी लांबून, मग सगळीकडून, आणि एक कोकरू माझ्या गुडघ्याला येऊन धडकलं. बिराप्पा फुंकायचा थांबलाच नाही. पाण्याची शीळ, रस्त्याची शीळ, थांबायची शीळ, सगळ्या एकामागून एक घातल्या. हरणाबाई रडत होती आणि मेंढरांना शिव्या देत होती. मीही रडलो. तू बघितलंस का माहीत नाही. बघितलं असशील तर विसर.

त्या कच्च्या कॅपा आहेत तशाच स्कॅन करून पक्क्या कर. कॉम्प्युटरनं लाल केलं तर करू दे.

आता दुसरं. तुझी सगळी पत्रं डॉक्टरी अक्षरातली, भिंगाखाली धरली तरी मुंग्या चालल्यासारखी. आणि तेवीस तारखेचं बोलावणं आलं ते भिंतीवरच्या जाहिरातीएवढ्या अक्षरात, चार कागदांवर! वर लिहितोस, चष्मा लागणार नाही. नजर गेली आहे माझी, अक्कल नाही. काकूनं शपथ मोडली ते मला त्याच दिवशी कळलं. तिला मी काही बोललो नाही, तूही बोलू नकोस.

पाच मेंढरांतल्या माझ्या वाट्याचं तू दोनदा विचारलंस. अडीच नाही, पाचही माझी. तुला ‘दिसत नाही रे’ एवढं लिहिलं असतं तर ती पाचही आज चरत असती. तीन शब्द होते. ते मला तीन दिवसांत लिहिता आले नाहीत.

बालाजीकडे एक पोतं दिलं आहे. त्यात पन्नास मॉडेलं आहेत, फळीवर अजून साडेतीनशे. मागचं नाव तू वाच. कुणाची दाढ मिश्रीनं झिजली, कोण झोपेत दात खातो, कुणाला सनई वाजवायची असते, ते मी अंगठा लावून सांगतो. सगळं तुझ्या मशिनमध्ये भर. शनिवारी येत जा. चहा मिळेल. शिव्याही मिळतील, कारण ती ‘धन्यवाद’ची चिठ्ठी मी अजून विसरलेलो नाही.

हे पत्र मी सांगितलं आणि काकूनं लिहिलं, म्हणून ओळी सरळ आहेत. शपथेच्या ओळीलाही तिनं पेन थांबवलं नाही.

पोत्याबरोबर आपला डबाही पाठवला आहे. पुन्हा रिकामा आला तर याद राख.

तुझा काका,
लिंबाजी